पाहून झालं, आठवत मात्र नाही

'गेली तीन वर्षं मी ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका पाहते आणि मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा वाचते. सगळ्याची नोंद एका तक्त्यात ठेवते: नाव, किती भाग, कधी संपवलं, दहापैकी किती गुण. आज तक्त्यात २१४ नावं आहेत, त्यातली १३१ "पूर्ण". वेळ पुरत नाही म्हणून पावणेदोनपट वेगानं पाहते, सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं वगळते. मांगा झोपायच्या आधी, मोबाइलवर. परवा एका मैत्रिणीनं "फ्रीरेन" पाहायला घेतलं आणि मला विचारलं, "अगं, ती पहिल्याच भागात रडते ना, ती नेमकी का रडते?" मला सांगता येईना. तक्ता उघडला तर त्यात २८ पैकी २८ भाग आणि नऊ गुण. म्हणजे आवडलं होतं! मग बाकीच्या नावांवरून नजर फिरवली, तर निम्म्यांचं हेच. मला या सगळ्याचा कंटाळा आलाय का? सोडून द्यावं का? आणि जाता जाता, मांगा आधी वाचावा की ॲनिमे आधी पाहावा? "वन पीस" सुरू करू का? मला अगं-तुगं चालेल.
– तक्तेवाली'

प्रिय तक्तेवाली,

तुला हिशेब आवडतो, तर हिशेबापासूनच सुरुवात करू. ॲनिमेचा एक भाग साधारण २४ मिनिटांचा. सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं दीड-दीड मिनिटाचं, ते तू गाळतेस. राहिली २१ मिनिटं. २८ भागांची झाली ५८८, आणि तुझ्या वेगानं ती ३३६ मिनिटांत संपतात. साडेपाच तास आणि वर सहा मिनिटं. सकाळी बसलीस तर दुपारी मोकळी.

मराठीत याला एक नेमका शब्द आहे, 'उरकणं'. कामं उरकतात, भेटीगाठी उरकतात, नको असलेलं लग्नकार्य उरकतात. उरकलेल्या गोष्टीचं वैशिष्ट्य असं, की ती संपल्याचं समाधान तेवढं लक्षात राहतं, आत काय होतं ते नाही. तुझे नऊ गुण बहुधा त्या समाधानाला मिळालेत. कंटाळ्याचं म्हणशील, तर कंटाळलेलं माणूस २१४ ओळींचा तक्ता सांभाळत बसत नाही गं. ती काळजी सोड.

आता ती का रडते ते सांगते, निदान मैत्रिणीला तोंड दाखवता येईल. (ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांनी पुढचा परिच्छेद ओलांडावा, पण फार काही फुटणार नाही, हे सगळं पहिल्याच भागात घडतं.)

फ्रीरेन ही एल्फ जमातीतली जादूगार, हजार वर्षांहून जास्त जगलेली. ती, हिमेल नावाचा वीर, एक धर्मगुरू आणि एक ठेंगणा योद्धा असे चौघं दहा वर्षं भटकून असुरांच्या राजाला मारतात. एरवी गोष्टी जिथं संपतात तिथून ही सुरू होते. ते परत येतात त्या रात्री उल्कावर्षाव होतो. तो पन्नास वर्षांनी पुन्हा होणार असतो, तर फ्रीरेन सहज म्हणून जाते, तेव्हा मी तुम्हाला याहून चांगली जागा दाखवीन. तिला पन्नास वर्षं म्हणजे आपला पंधरवडा. ती परतते तेव्हा हिमेलला टक्कल पडलंय, तो वाकून बुटका झालाय. उल्का पाहून होतात आणि पुढं काही दिवसांत तो जातो. अंत्यविधीला ती कोरड्या डोळ्यांनी उभी, लोक कुजबुजतात. मग माती पडायला लागते आणि तिचा बांध फुटतो. दहा वर्षं याच्याबरोबर चालले आणि मला याच्याविषयी काहीच ठाऊक नाही. माणसं थोडं जगतात हे माहीत असूनही मी याला जाणून का घेतलं नाही, म्हणून ती रडते.

सगळ्या १३१ मधून तुझ्या हातून नेमकी हीच गोष्ट निसटावी, यावर मी काही बोलत नाही. हसले मात्र.

सलग पाहण्यावर माझा राग आहे असं समजू नकोस. खुद्द 'फ्रीरेन'चे पहिले चार भाग जपानी टीव्हीवर २९ सप्टेंबर २०२३ ला एकाच रात्री, दोन तासांचा कार्यक्रम करून दाखवले होते. ते चार भाग मिळून एक पूर्ण श्वास होतो, आणि मग पुढचे आठवड्याला एक. एका बैठकीत चार पाहा, सहा पाहा, सुट्टी असेल तर खुशाल दिवस घालव. माझं भांडण आहे ते त्या वेगाच्या बटणाशी, आणि त्याहून जास्त त्या 'दहा सेकंद पुढं'च्या बाणाशी.

का, ते सांगते. टीव्हीच्या ॲनिमेत सेकंदाला २४ चौकटी असतात, पण चित्रं तेवढी नसतात. बऱ्याचदा एक चित्र तीन चौकटी धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला आठच. ही काटकसर जुनी आहे. मांगाकार ओसामु तेझुका यांनी १ जानेवारी १९६३ ला 'ॲस्ट्रो बॉय' टीव्हीवर आणला, दर आठवड्याला अर्धा तास, आणि पैसा आणि माणसं दोन्ही अपुरी. मग चित्रं कमी करा, तोंड तेवढं हलवा, स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकवा, जुनी चित्रं पुन्हा वापरा, असे मार्ग निघाले. गरजेपोटी आलेलं हे स्थिर चित्र पुढच्या लोकांनी मात्र इतकं आपलंसं केलं, की न हलणं ही त्यांची भाषाच झाली. कुठं हलवायचं नाही आणि किती वेळ हलवायचं नाही, यात चांगल्या दिग्दर्शकाचा हात कळतो.

तुझ्या तक्त्यात 'इव्हँजेलियन' असणारच. १९९५-९६ ची ती मालिका, तिचा २४ वा भाग. एका अजस्र मुठीत एक मुलगा, नायकानं काहीतरी ठरवायचंय, आणि चित्र गोठतं. सुमारे एक मिनिट काहीही हलत नाही. मागं बीथोव्हनची नववी सिंफनी चालू, गाणारे गळा काढून गाताहेत आणि पडद्यावर ढिम्म. पहिल्या पंधरा सेकंदांत वाटतं, व्हिडिओ अडकला की काय. तिसाव्या सेकंदाला आपण हात चोळायला लागतो. चाळिसाव्याला वाटतं, कर रे बाबा काय करायचं ते. नायकाच्या मनात जे चाललंय तेच आपल्या अंगात चालवण्यासाठी ते मिनिट आहे. बाणाच्या सहा टिचक्यांत ते संपतं. खरं सांग, मारल्या होत्यास ना?

मांगाचं प्रकरण याच्या उलट आहे, आणि माझ्या मते जास्त गमतीचं. ॲनिमेत घड्याळ करणाऱ्याच्या हातात असतं, मांगात ते तुझ्या हातात येतं. पान किती वेळ उघडं ठेवायचं हे तूच ठरवतेस. म्हणून मांगाकाराला तुला थांबवण्याच्या नाना युक्त्या कराव्या लागतात. जपानी मांगा उजवीकडून डावीकडं वाचतात, हे तुला सांगायला नको. पण त्यातून एक गोष्ट होते. समोरासमोरच्या दोन पानांतली शेवटची चौकट डाव्या पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात येते. तिथं कुणीतरी दचकून वळतं, दार किलकिलं होतं, वाक्य अर्धवट तुटतं. आणि मग पान उलटलं, की दोन्ही पानं व्यापणारं एकच चित्र. पान उलटायला लागतो तो अर्धा सेकंद त्या चित्राचा भाग असतो. मोबाइलवर काय होतं? ते जोडचित्र मधून चिरतं. आधी उजवा अर्धा भाग, मग अंगठ्याची टिचकी, मग डावा. उडी मारणारा माणूस एका पडद्यावर आणि त्याचे पाय दुसऱ्यावर.

यावर उपाय सोपा आहे, मोबाइल आडवा धर. टॅब मिळाला तर बरं, छापील खंड मिळाला तर फारच उत्तम. झोपायच्या आधीच वाचायचं असेल तर वाच, पण एका रात्री एक प्रकरण. शोनेन, म्हणजे मुलग्यांसाठीच्या साप्ताहिकातलं प्रकरण साधारण एकोणीस पानांचं असतं आणि मूळ वाचक त्यावर आख्खा आठवडा काढतो. तू एका रात्रीत तीस प्रकरणं वाचलीस, तर दर चार मिनिटांनी एक धक्का बसतो. पाचव्या धक्क्यानंतर कुणालाच काही वाटत नाही, आणि मग आपण म्हणतो, लेखक तेच तेच करतोय.

'स्लॅम डंक' तुझ्या 'पूर्ण' यादीत आहे का? असेल तर ३१ वा खंड काढ. (नसेल तर इथून थेट पुढच्या परिच्छेदाच्या शेवटी जा. १९९६ ला संपलेल्या गोष्टीचा शेवट सांगायला माझी हरकत नाही, पण तुझी असेल.) ताकेहिको इनोउए यांनी १९९० ते १९९६ अशी सहा वर्षं बास्केटबॉलची ही गोष्ट काढली. सगळा आरडाओरडा, शिव्या, विनोद, प्रेक्षकांच्या आरोळ्या आणि पानभर पसरलेले आवाज. आणि शेवटच्या सामन्याचे शेवटचे क्षण येतात तेव्हा शब्द नाहीसे होतात. संवादाचे फुगे नाहीत, आवाजाची अक्षरं नाहीत, समालोचन नाही. पानामागून पान फक्त घाम, बोटं, बुटांचे तळवे आणि चेंडू. साकुरागी हा आडदांड, बडबड्या नायक. रुकावा त्याचा संघातला वैरी, दोघांनी एकमेकांकडं चेंडू दिल्याचं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. साकुरागी मोकळ्या जागी उभा आहे, हात तयार आहेत, आणि तो पुटपुटतो की डावा हात फक्त आधाराला. पहिल्यांदा नेमबाजी शिकला तेव्हा घोकलेलं वाक्य. तेवढे शब्द. मग पुन्हा निःशब्द.

ही पानं दोन मिनिटांत 'वाचून' होतात, कारण वाचायला काहीच नाही. आणि हीच पानं पंधरा मिनिटंही पुरतात. मी काय केलं सांगू? प्रत्येक चौकटीत चेंडू कुठं आहे ते बोटानं शोधत गेले. पोरखेळ वाटेल, पण तसं केल्यावर मला दिसलं की आपली नजर चेंडूवर असताना इनोउए बाजूला कुणाचं तरी तोंड अर्धं उघडं ठेवतात. मैदानातली एवढी माणसं श्वास धरून बसली आहेत हे कुठं लिहिलेलं नाही, काढलेलं आहे.

मांगा आधी की ॲनिमे आधी, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर यातच निम्मं आलं. 'स्लॅम डंक'चा टीव्हीवरचा ॲनिमे १०१ भागांचा, १९९६ ला थांबला आणि राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचलाच नाही. तो शेवटचा सामना पडद्यावर यायला २०२२ उजाडलं, तेही इनोउए स्वतः दिग्दर्शनाला बसले तेव्हा. 'फुलमेटल अल्केमिस्ट'चं वेगळंच. २००३ ची मालिका केली तेव्हा हिरोमु अराकावा यांचा मांगा संपायचा होता, म्हणून मालिकेनं मध्येच आपली वाट धरली. २००९ ला दुसरी मालिका आली ती मांगाला धरून. तेव्हा सरसकट नियम नाही. मी एवढंच पाहते, की मूळ काम मांगाचं असेल आणि ॲनिमे अर्धवट असेल तर मांगा. ॲनिमे पूर्ण असेल आणि जाणकार त्याच्या संगीताची तारीफ करत असतील तर ॲनिमे. दोन्ही लागोपाठ कधीच नको, मध्ये वर्ष जाऊ दे.

'वन पीस'? मांगा जुलै १९९७ पासून चालू, खंडांनी शंभरी केव्हाच ओलांडली. ॲनिमे १९९९ पासून, ११०० हून जास्त भाग. तुझ्या तक्त्यात ही ओळ घातलीस तर ती वर्षानुवर्षं 'अपूर्ण' म्हणून तुझ्याकडं डोळे वटारून पाहील, आणि मी तुला आता थोडीबहुत ओळखते. मांगाचे पहिले काही खंड घे, तक्त्यात न लिहिता. आवडलं तर वाचत राहा. संपवायचं कशाला? ज्यानं सुरू केलं त्याचंच अजून संपलेलं नाहीये.

एक गोष्ट मांगातल्या आवाजांची, आणि ही मराठी वाचकाला खास कळावी अशी. जपानी भाषेत आवाजांचे शब्द आपल्यासारखेच ढिगानं आहेत. छातीचं धडधडणं म्हणजे 'दोकी दोकी', चमचमणं म्हणजे 'किरा किरा'. आता चमचमण्याला कुठं आवाज असतो? पण आपणही चमचम, लखलख म्हणतोच. सगळ्यात भारी शब्द आहे 'शीऽऽन'. हा शांततेचा आवाज. रिकाम्या खोलीच्या चित्रावर मांगाकार ही अक्षरं बारीक रेषेनं लिहितो, म्हणजे वाचकानं ऐकावं की काहीच ऐकू येत नाहीये. अनुवादक इथं हमखास अडखळतात. मराठीत कुणी करायला बसलं तर मी 'किर्र' सुचवीन, जरी त्यात रातकिडे आहेत. मूळ जपानी अक्षरं वाचता येत नसली तरी ती चित्रात कशी काढली आहेत ते बघत जा. जाड, वाकडी, थरथरती, पानाबाहेर पळणारी. आपण ती नक्षी समजून ओलांडतो आणि तिथंच अर्धी गोष्ट सांडते.

तू मला शहाणी समजशील म्हणून कबुली देते. नाओकी उरासावा यांचा 'मॉन्स्टर', १८ खंड, मी चार दिवसांत फस्त केला होता. जर्मनीतला एक जपानी शल्यविशारद महापौराला बाजूला ठेवून एका लहान मुलाचा जीव वाचवतो, आणि तो मुलगा मोठा होऊन खुनी निघतो. इतकं तुला मांगा न वाचताही कुणी सांगेल. त्यापलीकडं माझ्याकडं काय उरलं? काही चेहरे आणि बराचसा पाऊस. त्या चार दिवसांची कॉलर ताठ करून मी वर्षभर फिरले, आणि एकानं शेवटाविषयी विचारलं तेव्हा खोटं बोलले. तुझं निदान बरं, तू मला पत्र तरी लिहिलंस.

हल्ली माझं चाललंय ते फार कमी. जिरो तानिगुची यांचा चालणाऱ्या माणसाचा मांगा पुन्हा काढलाय. एक माणूस आपल्या वस्तीत फिरतो. कुत्र्याला नेतो, झाडावर चढतो, पावसात भिजतो. संवाद जवळजवळ नाहीत, घडत काहीही नाही. एक प्रकरण वाचून मी ठेवून देते, कारण दुसरं लगेच वाचलं तर पहिलं पुसतं. हा तुझ्या तक्त्यात घालायला अत्यंत गैरसोयीचा ऐवज आहे: भाग किती म्हणून लिहायचे, आणि गुण कशाला द्यायचे, त्याच्या चालण्याला?

तक्ता फेकून दे असं म्हणणार नाही. माणसाला मोजायला आवडतं, आणि तो छंद निरुपद्रवी आहे. फक्त गुणांचा रकाना काढून टाक आणि तिथं 'काय राहिलं' असा रकाना कर. संपल्यावर लगेच भरायचा नाही. आठ दिवसांनी, काही न उघडता, आठवेल ते एक दृश्य लिहायचं. कुणाचा हात, एखादा जिना, एक वाक्य, काहीही. कोरा राहिला तर कोराच ठेव, 'पूर्ण' लिहू नकोस. अर्धवट सोडलेल्या मालिकेतलं एखादं दृश्य आठवत असेल तर मात्र तिला रकाना द्यायचा. जुन्या १३१ मागं लागू नकोस. फार तर त्यातल्या पाच-सहा, ज्यांची नावं वाचताना चुटपुट लागते, त्या परत पाहा.

आणि नवीन ॲनिमेपैकी एकच धर. जपानमध्ये मालिका जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार हंगामांत सुरू होतात. एका हंगामाच्या मालिकेत अकरा ते तेरा भाग. दर आठवड्याला आला की पाहायचा आणि पुढचा येईपर्यंत हात चोळत बसायचं. त्या सहा दिवसांत आपण मनात गोष्ट पुढं रचतो, आणि बहुतेक वेळा ती चुकते. मैत्रिणीलाही तीच मालिका धरायला सांग, म्हणजे आठवड्याचा एक फोन ठरला.

सुरुवात कशानं करू म्हणशील, तर 'मुशिशी'. युकी उरुशिबारा यांचा मांगा, त्यावरचा २००५-०६ चा ॲनिमे, २६ भाग, प्रत्येक भागाची गोष्ट स्वतंत्र, म्हणजे संपवण्याची घाईच नाही. गिंको नावाचा भटका वैद्य गावोगाव फिरतो आणि 'मुशी' नावाच्या, धड प्राणी ना धड वनस्पती अशा जिवांनी पछाडलेल्या माणसांना बरं करतो. तिसरा भाग काढ. बर्फानं झाकलेलं गाव, आणि तिथं कानात शिरून आवाज खाणारे मुशी आहेत. लोकांना एका कानानं ऐकू येईनासं होतं. एका मुलाला तर उलट, नको तितके आवाज ऐकू येतात, आणि त्याच्या कपाळावर शिंगं उगवली आहेत. त्यावरचा इलाज औषधाच्या डब्यात नसतो. दोन्ही तळव्यांनी कान घट्ट झाकायचे आणि आपल्याच हातांच्या स्नायूंचा खोल, घरघरता आवाज ऐकत राहायचं. त्या मुलाला त्याच्या आईनं सांगितलेलं असतं, की हा जमिनीच्या पोटातून लाव्हा वाहतो तसा आवाज आहे.

परवा हा भाग पाहताना मीही नकळत कान झाकले. खरंच येतो तो आवाज. तू पाहशील तेव्हा तिथं आलीस की तूही झाकून बघ. दोन्ही हात कानांवर असले, की बाण दाबायला तिसरा हात नसतो.